बेडरूममध्ये इलेक्ट्रिक गिटार: तीन गाण्यांसाठी टोन कसा ठरवला

गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या एका बँडच्या तीन मराठी गाण्यांची गिटार ठाण्यातल्या माझ्या घरी रेकॉर्ड झाली. ड्रम्स आधीच भाड्याच्या स्टुडिओत होऊन गेले होते आणि पोरांनी साठवलेले बहुतेक पैसे तिथेच संपले होते. बेस थेट इंटरफेसमधून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतून, घेतला, एका दुपारीत आटोपला. गिटारला मात्र सहा शनिवार-रविवार लागले, आणि त्यातले पहिले दोन नुसतं "घ्यायची कशी" हे ठरवण्यात गेले. घरी, मोजक्या सामानात काम करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न याच रूपात भेटतो, म्हणून आकडे आणि चुका दोन्ही सविस्तर लिहितो आहे.

खोली १० बाय ११ फुटांची, तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीची. सामान म्हणजे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, कॉम्प्युटरवर रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, एक शुअर एसएम५७ माइक, एक कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक, छोटे मॉनिटर स्पीकर आणि हेडफोन. गिटारिस्ट चोवीस वर्षांचा. त्याच्याकडे सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणाऱ्या एकेरी गुंडाळीची) स्ट्रॅट, हंबकर म्हणजे दुहेरी गुंडाळीचे पिकअप असलेली लेस पॉल धाटणीची गिटार, आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर टीएस९ (आवाज फाडणारं पेडल) आणि फेंडर ब्लूज ज्युनिअर हा ॲम्प. पहिलं गाणं संथ, जवळजवळ सगळं क्लीन (न फाटलेल्या) अर्पेजिओवर, म्हणजे एकेक करून वाजवलेल्या कॉर्डच्या सुरांवर, चालणारं. दुसरं जड रिफचं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गिटार-तुकड्याचं. तिसऱ्याच्या कडव्यांत हलकी क्रंच (थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज) आणि शेवटी मोठा सोलो.

भिंतीपलीकडे बारावीची मुलगी. मी आधीच जाऊन तिच्या आईशी, शेजारच्या काकूंशी, बोललो. त्या म्हणाल्या, "सकाळी अकरा ते एक वाजवा, ती तेव्हा क्लासला असते. दुपारी सासूबाई झोपतात. आणि संध्याकाळी नको रे बाबा, पोरीचा अभ्यास असतो." ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आमच्यासाठी मात्र काकूंचे दोन तास हीच खरी चौकट होती. ती सहा आठवड्यांत एकदाही मोडली नाही.

वॉट कमी केले म्हणजे आवाज कमी होतो?

गिटारिस्टचा पहिला उपाय असा: "दादा, माझ्या मित्राकडे एक वॉटचा छोटा ॲम्प आहे. तो आणू का? शेजारी कळणारही नाही."

हा समज फार जणांचा असतो, म्हणून हिशोब मांडतो. ब्लूज ज्युनिअर १५ वॉटचा. वॉट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. १५ वरून १ वॉटवर आलो तरी उतार जेमतेम १२ डेसिबलचा. शिवाय गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. १२ इंची स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर ९७ ते १०० डेसिबल मिळतात. बंद खोलीत हा आवाज मिक्सरवर चटणी वाटण्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे एक वॉटचा ॲम्पसुद्धा पूर्ण उघडला तर काकूंच्या घरात पोचणारच. ब्लूज ज्युनिअरला मास्टर व्हॉल्यूम आहे, तो खाली ठेवून प्रीॲम्पमधून (ॲम्पच्या पहिल्या टप्प्यातून) थोडी क्रंच काढता येते. पण पॉवर ट्यूब आणि स्पीकर जोरात चालल्यावर आवाजाला जो दम येतो, तो तसा येत नाही.

भिंतींना फोम चिकटवायचा बेतही मी थांबवला. फोम खोलीतला घुमारा शोषतो, पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. आवाज निसटतो तो दाराखालच्या फटीतून आणि खिडकीतून. तिथे जुनी गोधडी आणि कापसाची गादी लावली. ॲम्प फरशीवरून उचलून गादीची घडी घातलेल्या खुर्चीवर ठेवला. त्याने खालच्या मजल्यावर जाणारी थरथर बरीच थांबली.

वाया गेलेले टेक

मुलाने नाशिकहून येताना दुसऱ्या गाण्याचे कोरडे टेक (ॲम्पशिवाय, थेट गिटारचा सिग्नल) घरीच करून आणले होते. इथे कुठलाही ॲम्प सिम्युलेटर (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावावा, गिटार आपली ब्लँकेटखालून वाजल्यासारखी. तो वैतागून म्हणाला, "प्लगइनच भिकार आहे." दोष प्लगइनचा नव्हता. त्याने गिटार इंटरफेसच्या साध्या लाइन इनपुटला जोडली होती आणि इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायचं राहून गेलं होतं.

पॅसिव्ह पिकअप म्हणजे बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. तिला पुढे मोठा अडथळा, साधारण १ मेगाओम, लागतो. ट्यूब ॲम्पचं इनपुट तसंच असतं आणि इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंट इनपुटही. लाइन इनपुट मात्र १० किलोओमच्या आसपास. तिथे पिकअपवर ओझं पडतं आणि २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असणारा त्याचा स्वाभाविक उठाव, ज्यामुळे स्ट्रॅट स्ट्रॅटसारखी वाटते, तोच दबतो. नंतर ईक्यूने (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ट्रेबल वाढवला तरी तो उठाव परत येत नाही, नुसती खरखर वाढते. ते सगळे टेक टाकून दिले. मुलाला फार वाईट वाटलं, मलाही वाटलं, कारण त्यातला एक टेक वाजवण्याच्या दृष्टीने अप्रतिम होता.

याच सत्रात गुणगुण शोधण्यात एक तास गेला. सिंगल कॉइल पिकअप खोलीतल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं ऐकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो घुमारा ५० आणि १०० हर्ट्झवर बसतो. त्याच्यावर एक कर्कश भुणभुण होती, ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची निघाली. पंखा बंद केला, भुणभुण गेली. लॅपटॉपचा चार्जर लांब नेला, गिटारिस्टला खुर्चीसकट पाव वळसा फिरवला, आणि गुणगुण ऐकू न येण्याइतकी उतरली. सिंगल कॉइलच्या बाबतीत बसायची दिशा हा रेकॉर्डिंगचाच भाग धरावा. डिस्टॉर्शन गिटारबरोबर हा कचराही तितकाच मोठा करतो.

समोरचे रस्ते

ॲम्पसमोर माइक लावायचा, हा एक. ॲम्पच्या स्पीकरऐवजी लोड बॉक्स (ॲम्पची ताकद आवाज न करता पचवणारी पेटी) जोडून स्पीकर कॅबिनेटची नक्कल कॉम्प्युटरवर करायची, हा दुसरा. गिटार थेट इंटरफेसमध्ये घेऊन ॲम्प आणि कॅबिनेट दोन्ही सॉफ्टवेअरने उभे करायचे, हा तिसरा. लोड बॉक्स आमच्याकडे नव्हता आणि घेण्याइतके पैसेही नव्हते, म्हणून तो रस्ता लगेच बाद. (नुसता स्पीकर काढून ट्यूब ॲम्प चालवायचा विचार कुणीही करू नये, लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

तिसऱ्या रस्त्याला "खरा नाही" म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात. मला त्यात तथ्य वाटत नाही. ॲम्पची जागा घेणारी यंत्रंच बघा: टॉम शोल्झचा रॉकमन १९८२ चा, लाइन ६ चा पॉड १९९८ चा, केम्पर प्रोफायलर २०११ चा. ॲम्पशिवाय गिटार घेण्याची ही परंपरा गिटारिस्टच्या वयाहून जुनी आहे. आज स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, मुक्त-स्रोत आहे, आणि लोकांनी आपापल्या ॲम्पची त्यावर केलेली कॅप्चर्स (ॲम्पच्या आवाजाच्या डिजिटल नकला) वापरता येतात. त्याच्या पुढे कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (माइकने टिपलेला स्पीकर-पेटीचा ठसा), जोडायचा. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. हा उतार नसेल तर कितीही भारी ॲम्प मॉडेल मधमाशीसारखं वाजतं. माझ्या मते अर्धा टोन या शेवटच्या पायरीत असतो, आणि नवखी पोरं मात्र ॲम्पचं नाव बदलत बसतात.

दोन इनपुटचा पेच

मनातून मला दोन्ही हवं होतं: ॲम्पचा आवाज माइकने आणि त्याच वेळी कोरडा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर. मित्राकडून ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा कोरडा सिग्नल इंटरफेसला देणारी पेटी) आणि रीॲम्प बॉक्स (रेकॉर्ड केलेला कोरडा सिग्नल परत ॲम्पमधून वाजवू देणारी पेटी) मागून आणले. गिटार डीआयमध्ये, तिथून एक वाट ॲम्पला आणि दुसरी इंटरफेसला. डीआयला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसमधून केबलवरूनच जाणारी वीज) द्यावी लागली. एसएम५७ हा डायनॅमिक माइक, धड केबलवर त्याला त्याचा त्रास होत नाही. पण इनपुट दोनच. एक माइकला, एक डीआयला. दुसरा माइक हवा असेल तर कोरडा सिग्नल सोडावा लागणार होता.

दुसऱ्या माइकचा मोह सोडण्याआधी रीॲम्पिंग करून त्याची चाचणी घेतली. एसएम५७ ग्रिलपासून ३ सेंटिमीटरवर, कंडेन्सर ३० सेंटिमीटरवर. एकेकटा ऐकला तर कंडेन्सर मोकळा, सुंदर. दोन्ही एकत्र केले की पोकळ. कारण साधं आहे: दोघांत २७ सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे ०.८ मिलिसेकंदाचा उशीर, म्हणजे ६३५ हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खोडणं, आणि पुढे १९०० च्या जवळ पुन्हा. गिटारचा गाभाच तो. ट्रॅक ३८ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सर्वांत छोटे तुकडे) सरकवून हे सुधारलं. तरी कंडेन्सरमध्ये फरशीवरून परतणारा आवाजही येत होता, आणि तो सरकवून जात नाही. ३ सेंटिमीटरवरच्या माइकमध्ये फरशी जवळपास ऐकूच येत नाही. फूटभर मागे गेलं की ती टोनमध्ये शिरते. अशा खोलीत एक माइक जवळ, एवढंच पुरे. दुसरं इनपुट डीआयला गेलं.

मग तो एक माइक नेमका कुठे, यावर पूर्ण शनिवार घातला, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. टॉर्च मारून ग्रिलच्या कापडामागे स्पीकरच्या शंकूची, म्हणजे कोनची, मधली टोपी शोधली. टोपीच्या बरोबर मध्ये माइक लावला तर टोकदार, दातांत शिरणारा आवाज. कोनाच्या कडेला नेला तर ऊबदार पण मंद. टोपी जिथे संपते आणि कोन सुरू होतो त्या रेघेवर, किंचित बाहेरच्या अंगाला, पहिल्या गाण्याचा टोन सापडला. गिटारिस्ट वाजवत होता, मी हेडफोन घालून माइक बोटाने सरकवत होतो. एका सेंटिमीटरने जेवढा फरक पडला तेवढा ॲम्पच्या ट्रेबल नॉबने पडला नव्हता. जागा ठरल्यावर ग्रिलवर कागदी टेपचा तुकडा लावला आणि सगळ्या नॉबचे फोटो काढले.

क, ख, ग

दुसऱ्या रविवारी तुलना केली. प्रत्येक गाण्याची आठ मात्रांची आवर्तनं एकदाच वाजवून घेतली. तोच कोरडा सिग्नल ॲम्पमधून रीॲम्प केला आणि तोच दोन वेगवेगळ्या कॅप्चर-आयआर जोड्यांतून काढला. आवाजाची पातळी तंतोतंत एक केली, कारण थोडं मोठं वाजणारं कुणालाही "चांगलं" वाटतं. फाइलींना क, ख, ग अशी नावं दिली, आणि तिन्ही ड्रम्स, बेस आणि कच्च्या गायनासकट ऐकवल्या. बँडच्या तिघांनी कागदावर आपापली निवड लिहिली.

पहिल्या गाण्यात तिघांनीही ॲम्प निवडला. क्लीन टोनमध्ये बोटाच्या जोरानुसार ॲम्प जो हलकेच फुटतो, तो तिथे स्पष्ट कळत होता. दुसऱ्या गाण्यात तिघांनीही ॲम्प नाकारला. तो दबल्या आवाजात चालवलेला, उघड्या पाठीचा, एका १२ इंची स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत). चार स्पीकरच्या बंद कॅबिनेटचा छातीत बसणारा धक्का त्याच्याकडून मागणंच चूक होतं. तिथे जास्त गेनचं (आवाज जास्त फाडणारं) कॅप्चर आणि चार स्पीकरचा आयआर जिंकला. गिटारिस्ट कागद उघडल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. आपल्या ॲम्पचा पराभव त्याला लागला होता.

तिसऱ्या गाण्यात मतं फुटली, आणि त्या गाण्याचा निर्णय आम्ही पुढे ढकलला. तेच पुढे अंगाशी आलं.

हात ऐकतात

कोरडा सिग्नल हाताशी असला की मनात येतं, आत्ता वाजवून घेऊ, टोन नंतर बघू. तिसऱ्या गाण्याच्या कडव्यांची रिदम गिटार आम्ही तशीच घेतली. वाजवताना त्याच्या कानात कमी गेनचा, जवळजवळ क्लीन आवाज होता. टेक छान झाले, डाव्या-उजव्या बाजूसाठी दोनदा स्वतंत्र वाजवले. पुढच्या आठवड्यात ठरलं की इथे जास्त क्रंच हवी. डीआय तर आहेच, कॅप्चर बदललं.

आणि सगळं विस्कटलं. कमी गेनवर वाजवताना तो स्ट्रोकच्या जोरावर ताल उभा करत होता. जास्त गेनने तो जोर चेपून सपाट केला. दोन कॉर्डच्या मध्ये तारा उघड्या राहिल्या होत्या, त्या क्लीनमध्ये गोड झंकारत होत्या, आता गोंगाट करत होत्या. डाव्या हाताचा सरकण्याचा आवाज पुढे आला. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा) लावून पाहिला, तर सुरांच्या शेपट्या कापल्या गेल्या. उलट दिशेलाही हेच होतं: जास्त गेन ऐकत वाजवणारा हात आपोआप हलका पडतो, आणि नंतर गेन कमी केला की तेच वाजवणं अशक्त वाटतं.

दोष माझा होता. कोरड्या सिग्नलमध्ये सूर आणि वेळ साठवले जातात, तसा वाजवणाऱ्याने त्या क्षणी जे ऐकलं त्याला दिलेला प्रतिसादही साठवला जातो, आणि तो नंतर बदलता येत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. त्या कडव्यांची रिदम पुन्हा घेतली, या वेळी अंतिम टोन कानात ठेवून. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटवर बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवला. एका दिशेचा उशीर २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन सहाच्या जवळ. म्हणजे ॲम्पपासून दोन मीटरवर उभं राहण्याइतकाच. त्याने तक्रार केली नाही. पहिल्याच अर्ध्या तासात फरक दिसला: मनगट तारांवर जास्त टेकायला लागलं, स्ट्रोक आखूड झाले, ताल घट्ट बसला.

तेव्हापासून क्रम असा ठेवला: गाण्यात बसवून टोन आधी नक्की करायचा, तोच ऐकत वाजवायचं, आणि डीआय शेजारी गुपचूप साठवत राहायचा. त्याने पुढे अर्ध्या पायरीची दुरुस्ती होते, दुसरा आयआर, थोडा कमी गेन. तेवढीच अपेक्षा त्याच्याकडून ठेवावी.

इनपुट गेनचा नॉबही टेप लावून कायम केला. कॅप्चर हे आत येणाऱ्या सिग्नलच्या पातळीवर ॲम्पसारखंच बदलतं. आज नॉब थोडा वर, उद्या थोडा खाली, असं केलं तर एकाच गाण्याच्या दोन कडव्यांत दोन ॲम्प वाजतात. सर्वांत जोरदार स्ट्रोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघितलं. २४ बिटमध्ये त्याहून वर ढकलून काही मिळत नाही.

रात्री आवडलेले टोन

संध्याकाळी आवाज करायचा नाही, म्हणून कॅप्चर आणि आयआर आम्ही रात्री हेडफोनवर, हळू आवाजात निवडत होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं आहे की हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री आम्हाला भरपूर बेस आणि भरपूर धार असलेले टोन आवडत. तेच रविवारी अकरा वाजता मॉनिटरवर लावले की खाली गदळ आणि वर चरचर. शेवटी नियम केला: रात्री फक्त यादी छाटायची, निवड सकाळच्या दोन तासांतच.

गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर, बेसची ४१ वर. रिफच्या गिटारमधला ९० हर्ट्झच्या खालचा भाग कापला, तशी एकटी ऐकताना ती सडपातळ वाटू लागली आणि गाण्यात मात्र मोठी. गेनही रात्रीच्या निवडीपेक्षा बराच खाली आला. दोनदा वाजवलेल्या गिटारी डाव्या-उजव्या बाजूला पसरल्या की डिस्टॉर्शनची बेरीज आपोआप होते.

गायनाने आणखी एक गोष्ट ठरवली. मराठीत 'चाक', 'चूल', 'जाड' यांतले दंततालव्य च-ज जिभेच्या टोकाने, बारीक घर्षणाने येतात, आणि शब्द समजतो तो बराचसा २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. नेमका तिथेच जास्त गेनच्या गिटारचा चावा असतो. दुसऱ्या गाण्याच्या ध्रुवपदात गायिकेचे शब्द दोन गिटारींच्या मध्ये हरवत होते. ईक्यूने खड्डा पाडण्याऐवजी आयआर बदलला, माइक टोपीपासून लांब ठेवून केलेला घेतला. शब्द लगेच वर आले. मराठी रॉकच्या मिक्समध्ये शब्द पुसले जातात ही माझी जुनी तळमळ आहे, आणि त्याचा दोष गायकांना फार दिला जातो.

शेवटी जे राहिलं

पहिलं गाणं: स्ट्रॅट, ब्लूज ज्युनिअर, एक एसएम५७, त्या टेपच्या खुणेवर. मिक्समध्ये जवळजवळ हात लावला नाही. दुसरं: हंबकरची गिटार, पुढे टीएस९ गेन अगदी खाली ठेवून, मग कॅप्चर आणि चार स्पीकरचा आयआर. टीएस९ ७०० हर्ट्झच्या आसपास मध्य उचलतो आणि खालचं पातळ करतो, म्हणून रिफ घट्ट झाली. तिसऱ्याची कडवी कॅप्चरवर. सोलो मात्र खऱ्या ॲम्पवर घेतला, कारण लांबवलेले सूर ॲम्पसमोर उभं राहून वाजवताना स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा हलवतो आणि सूर मरत नाही. हेडफोनवर ते होत नव्हतं.

तो सोलो शेवटच्या रविवारी एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना झाला. काकूंच्या मुलीचा शेवटचा पेपर आदल्या दिवशीच संपला होता; ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि संपल्यावर तिने विचारलं, "परत वाजवणार का?" गिटारिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डचं बटण पुन्हा दाबलं. गाण्यात आता तो दुसरा टेक आहे.